मावुतोचं नाव

लिंबानी बांदाची एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या अभ्यासापायी गावोगाव सायकल हाणण्यात गेली. विलायतेहून कोणी ना कोणी यायचं, इथल्या गरिबीवर प्रबंध लिहायचं आणि डॉक्टर होऊन परत जायचं. लिंबानी मात्र झोम्बा शहरातला दुभाष्या तो दुभाष्याच राहिला. त्याची तक्रार नव्हती. माणसांशी बोलायला त्याला मनापासून आवडायचं.

यंदा एलिनॉर नावाची मुलगी आली. उसाच्या मळ्यासाठी उठवलेल्या गावांवर ती लिहीत होती. अभ्यासापायी कुणाला त्रास होऊ नये, हे बघायला तिच्या विद्यापीठात एक नीतिमत्ता समिती होती. बोलणाऱ्याचा संमतिपत्रावर अंगठा हवा आणि कुणाचंही खरं नाव छापायचं नाही, असं समितीने बजावलं होतं.

अशाच एका उठवलेल्या गावातल्या नाम्वाले आजीने लिंबानीला मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा आणि भोपळ्याचा पाला वाढला आणि जेवताजेवताच सगळं सांगून टाकलं. गाव उठवताना तिचा मुलगा मावुतो ट्रॅक्टरला आडवा झाला होता आणि तिथेच गेला. मग लिंबानीने कागद काढून अटी वाचून दाखवल्या. आजीने हात मागे घेतला.

“मागे एकदा अंगठा दिला, तर जमीन गेली. आता पोराचं नावही पुसता? नाव घालणार असाल तर देते अंगठा. नाहीतर जेव आणि जा बाबा.”

हे तुमच्याच भल्यासाठी आहे, पुढे कुणी छळू नये म्हणून, असं त्याने समजावलं.

“मला आता कोण काय करणार आहे रे?” म्हणत आजी हसली.

एलिनॉरने लगेच सवलतीचा अर्ज धाडला. समिती महिन्यातून एकदा बसायची. पहिल्या बैठकीने धोक्यांचा खुलासा मागवला, दुसरीने इथल्या सरकारी कचेरीचं पत्र, आणि तिसरी सुट्ट्यांमुळे झालीच नाही. आजी दर बाजारी विचारायची, “तुझ्या साहेबांचं ठरलं का?” ठरतंय, असं तो सांगायचा.

चौथ्या महिन्यात परवानगी आली. नाव छापायला हरकत नाही, आजीचा अंगठा तेवढा घ्यावा. लिंबानी सायकल दामटत पोचला, तर अंगणात बायका सुतकाला बसल्या होत्या. आजीला सोमवारीच पुरलं होतं.

अंगठा नाही म्हणून आजीचा एक शब्दही वापरता येईना. एलिनॉर रडली. लिंबानीला तर रागही धड येईना, कारण नियम चांगल्या माणसांनी चांगल्यासाठीच केला होता.

वर्षभराने छापलेला प्रबंध टपालाने आला. त्याने तो पानोपान चाळला. मावुतो कुठेच नव्हता. आभाराच्या पानावर मात्र लिंबानीचं नाव होतं, आडनावासकट. ते बघून त्याला फार लाज वाटली.