मेलेल्याचा अंगठा

चपलांच्या दुकानात त्याचं उभं आयुष्य गेलं. उभं म्हणायचं आपलं, खरं तर बसूनच गेलं. बुटक्या स्टुलावर बसायचं, परक्यांचे पाय मांडीवर घ्यायचे, बूट सरकवायचा आणि म्हणायचं, "जरा अंगठा हलवून बघा." झोपेतही हेच बडबडायचा म्हणे. बायको सांगायची, आणि कौतुकानं नाही हं सांगायची.

अशा माणसाला सिनेमात काम मिळालं! एक दिग्दर्शक बूट घ्यायला आला होता. त्यानं याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "खुनाचा सिनेमा करतोय. याल का? सगळी गोष्ट तुमच्याभोवतीच फिरते."

झालं! गडी तेव्हापासून जमिनीवर नाही. दुकानाला दांडी मारून शूटिंग करून आला. काय काम केलं, कुणी विचारलं की ओठांवर बोट. "रहस्य आहे. फोडायचं नाही." घरच्यांनी ठरवून टाकलं, हाच खुनी असणार. त्यानंही 'नाही' म्हटलं नाही. मढ्याचं काम केलंय हे कुठल्या तोंडानं सांगणार? पण मढं असलं तरी चेहऱ्यावर पावडर थापून चांगलं जवळून शूटिंग घेतलं होतं. चेहरा दिसला की पुढची कामं दारात येतील, असा हिशेब. मालकाला तर सांगूनही बसला, "दुसरा माणूस बघा."

बायकोला कळलं तशी ती कडाडली. "नोकरी सोडताय? आधी मला सिनेमा बघू दे. मग मी सांगते काय सोडायचं ते!"

आणि सिनेमाला तिनं सोबत कुणाला घ्यावं? आपल्या थोरल्या बहिणीला. त्या बाईच्या जिभेला हाड नाही, आणि लगाम तर नाहीच नाही.

आता सिनेमा म्हणाल, तर काय सांगायचं! करणाऱ्याला धरून त्यालाच दाखवावा असला. आधी खून माळ्यानं केला. मग कळलं, माळी माळी नाहीच, पोलीस आहे. मग पोलीसच खुनी. मग त्या पोलिसाचा जुळा भाऊ उगवला, ओळखू येऊ नये म्हणून दाढी लावून. त्यानं दाढी काढली, तर हा पहिलाच! घाटात नसतील एवढी वळणं, आणि दर वळणावर गाडी बंद. मागच्या रांगेत एकजण चक्क घोरत होता. त्या सबंध थिएटरात शहाणा तेवढा तोच.

"काय मेहुणे, तुम्ही कधी येताय?" थोरलीनं अंधारातच विचारलं.

"येतो, येतो," तो म्हणाला. खरं तर मढं पडद्यावर आलेलंच होतं, पांढऱ्या चादरीखाली. चेहरा नाही, हात नाही. चादरीबाहेर फक्त पाय.

बायको पुढे वाकली. तिनं त्या पायांची करंगळी पाहिली, शेजारच्या बोटावर चढून बसलेली.

"अहो! हे तर तुमचे पाय!"

"अगं बाई!" थोरली खिदळली. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्या मेहुण्यांचे एकदम पडद्यावर!"

त्याला वाटलं, खुर्चीच मिटावी आणि तिनं आपल्याला पोटात घ्यावं. पण पुढचं अजून यायचंच होतं. तो पोलीस का माळी, जो कोण होता तो, तळ्याकाठी सापडलेली सँडल घेऊन आला. मढ्याच्या पायात घालून बघितली. चपखल बसली.

आणि अंगठा हलला. एकदा, परत एकदा.

"जिवंत आहे!" कुणीतरी ओरडलं. घोरणारा जागा झाला. त्यानंतर खुनी कोण याची फिकीर कुणालाच राहिली नाही. सगळे मढं उठायची वाट बघत बसले. "ऊठ ना रे बाबा!" म्हणून शिट्ट्या पडल्या. ते काही उठलं नाही. पुढच्याच सीनमध्ये त्याला जाळून मोकळे झाले, आणि शेवटी खुनी निघाली मेलेल्याची मावशी. मावशी! अहो, आधी एकदा तरी दाखवायची होती बाईला. चहा द्यायला तरी आणायची!

लोक शिव्या घालत बाहेर पडले. पोलिसाला नाही, मावशीला नाही. "त्या मढ्यानं फसवलं," जो तो म्हणत होता. थोरली हसून हसून डोळे पुसत रिक्षात बसली आणि गेली. ती आता गावभर करणार होती.

बायको फुटपाथवरच थांबली. "अंगठा का हलवलात?"

"त्यानं सँडल घातली ना पायात..."

"मग?"

"सवय," तो पुटपुटला.

"म्हणजे माप बघितलंत? मेल्यावर?" तिचा आवाज असा चढला की येणारेजाणारे वळले. "एकच काम होतं तुम्हाला. मेलेलं राहायचं. तेवढंही धड जमलं नाही!"

"पण सगळं थिएटर माझ्याकडेच बघत होतं की नाही? उठायची वाट बघत होते माझी!"

"मीही बघतेय," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून. उद्या गुपचूप जायचं आणि मालकाचे पाय धरायचे. नाहीतरी पाय धरायची सवय आहेच तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर जायच्या आत तो दारात हजर. मालकानं चष्म्यावरून पाहिलं. "आलात का हिरो? दुसरा माणूस मिळाला असता तर तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. बसा स्टुलावर."

तो बसला. पहिलंच गिऱ्हाईक एक बाई, कालच्या सिनेमावर तापलेली. पाय पुढे करतच सुरू झाली, "पैसे पाण्यात गेले हो! त्या मढ्याचा अंगठा हलला तो का हलला, शेवटपर्यंत सांगितलंच नाही मेल्यांनी. तुम्ही पाहिलात का?"

"पाहिला."

"मग काय वाटतं तुम्हाला? जिवंत होता का तो?"

त्यानं सँडलचा पट्टा ओढला, बक्कल लावलं.

"होता," तो म्हणाला. "जरा अंगठा हलवून बघा."