दिल्ली भारी की मुंबई

बोरगाव मेघेत आमच्या समोर राहणारे काका देशातल्या नामांकित कॉलेजांबद्दल पहिलवानांसारखं बोलतात. क्रमवारी जाहीर झाली की अनवाणीच आमच्या फाटकाशी येतात. "यंदाबी दिल्लीवाल्यानं मुंबईवाल्याले चित केलं, सर!" बोलताना त्यांचे दोन्ही तळवे तराजूसारखे वरखाली होत असतात. यातलं एकही कॉलेज त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

त्यांच्या मुलीला दोन्हीकडे प्रवेश मिळाला आणि तिने मुंबई निवडली. काका आठवडाभर फाटकाशी फिरकले नाहीत.

पुढे मी कामासाठी मुंबईला निघालो, तर वर्धा स्टेशनवर काका हजर. हातात सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या वड्यांचा डबा. "पोट्टीले देजा. अन् कॉलेज कसं आहे, जरा पाहून येजा."

पोरीने होस्टेलच्या पायरीवरच डबा उघडला. वासाने चारी दिशांच्या मैत्रिणी धावल्या. कोणी बंगाली बोलत होती, कोणी तमिळ, पण वडी हिसकायला भाषा लागत नाही. पोरीच्या वाट्याला तळाचा चुरा आला आणि तोही ती खिदळत चाटत होती.

परतल्यावर मी हे चाचरतच सांगितलं. काकांचे तळवे हवेत थांबले.

"म्हणजे तिले एकबी वडी नाई भेटली?"

"नाही हो."

उजवा, मुंबईचा तळवा सावकाश खाली आला. "इतल्या मैत्रिणी! मंग मुंबईच भारी, सर," काका म्हणाले आणि घराकडे वळून काकूंना ओरडले, "अवं, पुढच्या खेपेले मोठा डबा काढजो!"