घाटमाथ्यावर खाली बसलेलं पेडल

लेक गेली तेव्हापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. बैहरला सासरी तिचं बाळंतपण झालं, मुलगी झाली, सगळं ठीक आहे म्हणून आम्ही पेढेही वाटले, आणि संध्याकाळपर्यंत आतल्या आत रक्तस्राव होऊन ती गेली. त्याच बाळंतपणासाठी बायकोने घाटमाथ्यावरच्या देवीला नवस केला होता. एवढं होऊनही ती देवीला हात जोडायची, त्यामुळे मला तिचाही राग यायचा.

वर्ष सरत नाही तोच जावयाचं दुसरं लग्न ठरलं. नातीला आम्ही बालाघाटला आपल्या घरी आणावं, असं त्यांनीच सुचवलं. आमची गाडी जुनी. तिचं ब्रेकचं पेडल काही दिवसांपासून मऊ लागत होतं. गॅरेजवाल्याने ते भराभर दाबून पाहिलं, ब्रेकमध्ये हवा धरली आहे म्हणाला आणि हवा काढून दिली. पेडल पुन्हा टणक लागू लागलं. मीही गाडीखाली वाकून पाहिलं, ब्रेक ऑइलचा थेंब कुठे सांडलेला नव्हता. मग बैहरला गेलो आणि नातीला घेऊन परत निघालो.

घाट उतरण्याआधी आमच्याकडची प्रत्येक गाडी देवीपुढे थांबते. चालवणारा इंजिन बंद करून खाली उतरतो, उदबत्ती लावतो आणि मगच उताराला लागतो. मला थांबायचंच नव्हतं.

"थांबा न जी," बायको म्हणाली. "लेकरू सोबत हाये. देवीले सांगितल्याबिगर घाट नका उतरू."

"तू जा. मले नाही यायचं."

ती नारळ घेऊन उतरली. नात मागच्या सीटवर झोपली होती. मी हट्टाने इंजिन चालूच ठेवलं, हँडब्रेकही ओढला नाही, नुसता ब्रेकवर पाय दाबून बसलो. मी तुझ्यासाठी थांबलेलो नाही, हे देवीला दिसू दे, असं माझ्या मनात होतं. आणि तसा बसलेलो असताना पायाखालचं पेडल खाली जाऊ लागलं. जोर तेवढाच होता, तरी ते सावकाश तळाला टेकलं आणि गाडी उताराकडे सरकली. मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

उदबत्ती लावायला उतरलेला एक अनोळखी जीपवाला धावत आला. काय झालं ते मी त्याला सांगितलं. त्याने स्वतः पेडल दाबून धरून पाहिलं.

"काका, पंप करोगे तो टाइट लगेगा. पकड़ के रखो तो बैठ जाएगा. मास्टर सिलेंडर अंदर से गया है, बाहर कुछ नहीं दिखता."

पेडलचा जोर चाकांपर्यंत पोचवणारा भागच आतून निकामी झाला होता. घाटात ब्रेक दाबूनच धरावा लागतो. न थांबता पुढे गेलो असतो, तर पहिल्याच लांब उतारावर आम्ही तिघेही दरीत गेलो असतो. पण तेव्हा मला ते सुचलंच नाही. आतून गेलं आहे, बाहेर काही दिसत नाही, एवढंच कानात राहिलं आणि मी रडू लागलो. गाडीसाठी तुले माणूस पाठवता आला, मग माह्या लेकीच्या टाइमाले कुठी गेलती, असं मी देवीला सगळ्यांदेखत विचारलं.

बायकोने मला गप्प केलं नाही. नातीला उचलून तिने माझ्या हातात दिलं.

"भांडा तिच्यासंग. पण पोरीले तिच्या पायावर घाला. हिले वाढवणं आपल्या दोघाच्यानं नाही निभणार."

मी नातीला देवीच्या पायावर ठेवलं. हात मात्र जोडले नाहीत. गाडी तिथेच ठेवली; जीपवाल्याने आम्हाला घरापर्यंत सोडलं आणि त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं.

आता त्या वाटेने जाताना मी इंजिन बंद करून खाली उतरतो. नात वाचली, याचे उपकार मी मनापासून मानतो. लेकीचं मात्र देवीला अजून माफ केलेलं नाही, आणि तिच्यापुढे उभा राहून तसं सांगतोही. तरी नातीचं अंग तापलं की माझ्या तोंडून देवीचंच नाव निघतं. दुसऱ्या कोणाला सांगू?