पारसशेठच्या टर्बोची पहिली चक्कर

नारायणगावात स्पेअर पार्टची दुकानं चिक्कार आहेत, पण टोमॅटोच्या बाजारातली पिकअप अडली की ड्रायव्हर आधी पारसशेठकडे येतो. शेठ पार्ट काढून देण्याआधी गाडीची सगळी हकीकत विचारून घेतात. आवाज चढावर येतो का उतारावर, थंड असताना का तापल्यावर, आणि येतो तेव्हा शेजारी कोण बसलेलं असतं, हेसुद्धा. डॉक्टर तरी इतकं विचारत नाहीत.

स्वतःची गाडी मात्र अशी, की गल्लीतली कुत्री तिच्यामागे धावायचं सोडून बाजूला सरकायची आणि हळहळल्यासारखी बघत राहायची. दार आतून उघडत नव्हतं. काच एकदा खाली गेली की बोटांनी ओढून वर घ्यावी लागे. गेल्या दिवाळीत शेठनी शेवटी नवी छोटी एसयूव्ही बुक केली. गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात शेठनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला, की याच गाडीला उन्हाळ्यात नवं टर्बो इंजिन येतंय आणि नाकडोळेही बदलतायत. झालं. दुसऱ्याच दिवशी बुकिंग रद्द आणि नव्या इंजिनाच्या गाडीसाठी नाव. जुना माल उचलायचा नाही, हा शेठचा धंद्यातला नियम, तो त्यांनी घरालाही लावला.

डिंगोऱ्याचा कुंडलिक, टोमॅटोची पिकअप चालवणारा, शेठचा जुना गिऱ्हाईक. तो म्हणायचा, "शेठ, ते नवं इंजिन येईस्तवर त्याच्यापुढचं यायचं. तुमी गाडी काय घेत नाय."

शेठना घाई नव्हती, कारण वाट बघण्यातच निम्मी मजा होती आणि त्या मजेत वाटेकरी होती त्यांची एकुलती मुलगी, रिद्धी. ही पोरगी दुकानाच्या काउंटरवर बसून वाढली. बाकीच्या मुली भातुकली मांडायच्या, ही बेअरिंगं मापाप्रमाणे लावायची. पुढे अवसरीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि परत येऊन बापाशेजारी बसली. मग पिकअपवाले आवाजाची हकीकत तिलाच सांगायला लागले. शेठ वरवर कुरकुरायचे, आतून फुगायचे.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरून डबा यायचा, कारण सूर्य बुडाल्यावर या घरात कुणी जेवत नाही. डबा खाताना बापलेक मोबाईल तेलाच्या कॅनला टेकवून त्या गाडीचे व्हिडिओ बघायचे. तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, धुराबरोबर फुकट जाणाऱ्या जोरावर पंखा फिरवून जास्तीची हवा आत कोंबणारं. रिद्धी म्हणायची, पाय दिल्यावर आधी जरा दम घेईल आणि मग ओढेल. शेठ म्हणायचे, दम अजिबात घेणार नाही, कंपनीने सुधारणा केलीय. पुढच्या नव्या जाळीवर आणि मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या लाल दिव्यावर मात्र दोघांचं एकमत होतं, की हे लग्नातल्या मांडवासारखं दिसतं. टर्बोचा वाद मिटवायची जागाही ठरली होती. गाडी आली की माळशेज घाट खाली उतरायचा आणि चढून परत यायचं. चढावर इंजिन काय ते खरं सांगेल.

त्या दिवाळीच्या आधीच्या पावसाळ्यात गावातल्या जैन स्थानकात महासतीजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मास होता. रिद्धी रोज जाऊ लागली. आधी तासभर, मग दुपारभर. दिवाळी झाल्यावर चातुर्मास उठला आणि साध्वी पुढच्या गावी पायी निघाल्या, तेव्हा ही त्यांच्याबरोबर मंचरपर्यंत चालत गेली. परत आली ती पायाला फोड घेऊन, आणि आईला म्हणाली, मला दीक्षा घ्यायचीय.

गल्लीने कारणं शोधली. कुणी म्हणालं प्रेमभंग, कुणी म्हणालं कुंडलीत दोष. शोधणाऱ्यांमध्ये चांगली चांगली माणसं होती. कुणाच्या हाती काही लागलं नाही, कारण तसं काही नव्हतंच. पोरगी आधीइतकीच हसत होती, क्लच प्लेट आधीइतकीच अचूक काढून देत होती.

डिंपलवहिनी, तिची आई, पुष्कळ रडल्या आणि होळीच्या सुमारास हो म्हणाल्या. आता बापाची आज्ञा राहिली. आईबाप दोघांनी आज्ञा दिल्याशिवाय महासतीजी मुहूर्ताचं बोलणार नव्हत्या. शेठना रिद्धीने विचारलं, तेव्हा ते नटबोल्टच्या खोक्यात हात घालून बसले होते. वर न बघता म्हणाले, "गाडी येऊ दे. मग बघू."

तेव्हापासून गाडी म्हणजे नुसती गाडी राहिली नाही. ती येत नव्हती तोवर पोरगी घरात होती. शेठ शोरूमला फोन करून घाई करीनासे झाले. उलट शोरूमचाच फोन आला की यांचा चेहरा पडायचा.

गाडी उन्हाळ्यात आली. शेठनी पुण्याहून एकट्याने चालवत आणली. रिद्धी येणार होती, पण सकाळी म्हणाली तुम्ही पुढे व्हा. दारात सगळी जमली. वहिनींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ ठेवला. पोरंसोरं आत घुसली, कुंडलिकने सीट मागे सरकवून पाय ताणले आणि सगळी बटणं दाबून पाहिली. रिद्धीने टाकीचं झाकण उघडून बघितलं, वाकून चाकांमागे बघितलं, बॉनेटखालचा टर्बोचा पाइप कुठून कुठे जातो ते बोट न लावता न्याहाळलं. शेठनी पुढचं डावं दार उघडून धरलं.

"चल. माळशेज."

ती जागची हलली नाही. वहिनी पदराशी चाळा करू लागल्या. अक्षय्य तृतीयेला महासतीजी पायी हिंडत पुन्हा गावातल्या स्थानकात आल्या, आणि त्या दिवसापासून रिद्धीने वाहनात न बसण्याचा नियम घेतला होता. दीक्षेनंतर जन्मभर पायीच चालायचं, त्याची सवय म्हणून आधीच. वहिनींना माहीत होतं. कुंडलिकला माहीत होतं. वरच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही माहीत होतं. पारसशेठना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतः चार पावलांवरच्या दुकानात स्कूटरने जाणाऱ्या माणसाला पोरगी पंधरा-वीस दिवस सगळीकडे पायी हिंडतेय हे दिसलं नव्हतं.

आता रिद्धीने ते सांगितलं आणि शेठनी ऐकून घेतलं. दार धरलेला हात तसाच होता. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. सौदा मांडला.

"एक चक्कर," ते म्हणाले. "माळशेज उतरून चढून परत. आल्या आल्या आज्ञा देतो. या सगळ्यांच्या देखत सांगतो."

गाडीतली पोरं हळूच बाहेर आली.

रिद्धी म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगत असाल तर मी बसते. नियम मोडला म्हणून महासतीजींना सांगेन, त्या देतील ते प्रायश्चित्त घेईन. पण मग आज्ञा तुम्ही दिलेली नसेल. मी विकत घेतलेली असेल."

शेठची बोटं दाराच्या कडेवरून फिरत राहिली.

"आणि दुसरं मी काय सोडणार होते? साड्या मला कधी आवडल्या? दागिने मम्मी जबरदस्तीने घालायची. तुमच्याबरोबर गाडीत बसणं, एवढंच आवडायचं मला. तेच आधी सोडलं."

शेठनी डावं दार लावलं. इतकं हळू लावलं, की ते नीट बसलंच नाही आणि गाडी आतून टिंगटिंग करत राहिली. मग वळसा घालून ते स्टिअरिंगवर बसले. कुंडलिक पुढे झाला, ढकलून दार पक्कं केलं आणि मागच्या सीटवर चढला. पुढे बसला नाही. "मला बी डिंगोऱ्याला जायचंच व्हतं," एवढं बोलला.

आळेफाटा गेला, ओतूर गेलं. कायम तोंड चालणारा कुंडलिक गप्प होता आणि ही गोष्ट त्याच्या घरच्यांना सांगितली असती तर खरी वाटली नसती. डिंगोऱ्यात उतरताना मात्र खिडकीशी वाकला.

"शेठ, माझी वृषाली लोणीला दिली. पावणं चांगलं व्हतं, बैठकीत ठरलं, दिली. पोरगी काय म्हनती, मी इचारलं न्हाई. मलाबी कुनी इचारलं न्हाई. तुमाला तुमची पोरगी इचारतीया. लई झालं."

आणि पिशवी उचलून चालू लागला.

शेठ एकटे पुढे गेले. घाट उतरले, पायथ्याला गाडी वळवली आणि चढ धरला. पहिल्याच मोठ्या वळणावर पाय दाबला. गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली, दम घेतला, आणि मग पाठीत कुणी तळहात लावून ढकलावं तशी सुटली. शेठ डावीकडे वळून म्हणाले, "घेतला ना दम! तुझंच खरं."

सीट रिकामी होती. तिच्यावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पुष्कळ वेळ इंजिन बंद न करता बसून राहिले. इतके महिने त्यांना वाटत होतं, की ती एकदा इथे शेजारी बसली म्हणजे मन भरेल आणि मग हो म्हणता येईल. आता कळत होतं, ती बसली असती तर त्यांनी दुसरी चक्कर मागितली असती. मग भीमाशंकर. मग राजस्थानातलं मूळ गाव. मन भरणार नव्हतं. घाट संपला असता, मागणं संपलं नसतं.

नारायणगावात आले तेव्हा ऊन उतरलं होतं. रिद्धी दुकानाच्या पायरीवर डबा घेऊन बसली होती. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. शेठ गाडी लावून तिच्याशेजारी टेकले. तिने पोळीभाजी त्यांच्यापुढे सरकवली आणि विचारलं, "दम घेते का?"

"घेते."

"किती?"

शेठ सांगू लागले. पहिल्या वळणावर किती, कुठल्या गिअरला किती, एसी लावल्यावर किती. तिसऱ्यात नेली का, तिने विचारलं. तिसऱ्यात नेली, पण बोगद्याच्या अलीकडे पुन्हा दुसऱ्यात आणावी लागली, ते म्हणाले. मग तिन्ही सिलिंडरची थरथर पायाला जाणवते का, मागे कुंडलिकसारखं वजन असताना काय होतं, सगळं झालं. रिद्धी गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती, अधूनमधून मान हलवत होती.

"तापल्यावर वास येतो जरा," शेठ म्हणाले. पोळीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. "उद्या सकाळी मी स्थानकात येतो. महासतीजींना सांग. माझी आज्ञा आहे."

रिद्धीने मान खाली घातली. शेठनी तिच्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिले.

मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "नव्या इंजिनाला वास येणारच, पप्पा. पहिली सर्व्हिस झाली की जाईल."

"जाईल," शेठ म्हणाले. "जेव आता. दिवस चाललाय."