साबणाच्या डबीची तालीम

रुग्णवाहिकेत ते नवं यंत्र आल्यापासून तिथल्या सिस्टरला नवऱ्याची छाती तोंडपाठ झाली होती.

यंत्र चाचणीसाठी आलं होतं. हार्ट अटॅकचा माणूस इस्पितळात पोचेपर्यंत नुसतं हात चोळत बसायचं नाही. सलाईनच्या नळीतून औषधाचे बारीक बुडबुडे सोडायचे आणि सोनोग्राफीचा प्रोब छातीवर धरायचा. त्याच्या लहरींनी बुडबुडे थरथरून फुटतात, रक्ताची गुठळी सैल व्हायला मदत होते, असं डॉक्टर म्हणत. अडचण एवढीच, की प्रोब दोन बरगड्यांमधल्या फटीतच टिकला पाहिजे. आणि गाडी तर हलणारच.

म्हणून घरी तालीम. प्रोबच्या जागी साबणाची डबी, पेशंटच्या जागी नवरा. तो चपलांच्या दुकानात सेल्समन. दिवसभर गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बोलायची सवय. छातीवर डबी टेकली की त्याची जीभ सुटायची.

"अगं, चाललो मी! कपाटाची किल्ली... तुझ्या भावाला सांगू नकोस!" मग मान एकीकडे, जीभ दुसरीकडे.

"अहो, मेलेल्या माणसाचं पोट हसताना हलत नाही."

"मग डबी इतकी गार कशाला आणतेस?"

त्या दुपारी त्याची सुट्टी होती. गाडी फाटकाशी लावून ती जेवायला घरी आली. ड्रायव्हरमामा गाडीतच डबा उघडून बसले. नवरा पलंगाला टेकून जमिनीवर बसलेला, हात छातीवर.

"आज नाटक नको हं, मला लगेच जायचंय," म्हणत तिने हात धुतले, ताटं घेतली. "मरायच्या आधी दोन घास खाऊन घ्या."

ती भात वाढू लागली.

वाढता वाढता तिचा हात थांबला. हा माणूस गप्प बसून मरणाऱ्यांतला नव्हे. तिने वळून पाहिलं. कपाळ घामाने डबडबलेलं, ओठ पांढरे.

"काही नाही गं. पित्त असेल," तो पुटपुटला.

किल्ली नाही, भाऊ नाही. ती खिडकीकडे धावली.

"मामा!"

खिडकीतून आलेल्या त्या हाकेने मामांचा घास घशातच अडकला. दोघांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं. ईसीजीचा कागद बाहेर आला. तसली वर चढलेली रेघ तिने लोकांच्या नवऱ्यांची कितीदा तरी पाहिली होती. फोनवर डॉक्टर म्हणाले, "पेशंटला विचारा सिस्टर. चाचणीचं यंत्र आहे, सक्ती नाही."

"अहो, लावू का?"

त्याने नुसती मान डोलावली. एरवी एवढ्या प्रश्नावर त्याने भाषण ठोकलं असतं.

तिने सलाईन लावून बुडबुडे सोडले, पण घरी डोळे मिटून सापडणारी फट आता सापडेना. बरगड्या त्याच, माणूस तोच; तिची बोटंच परक्या बाईची झाली होती.

"मामा, जोरात घ्या!"

वळणावर प्रोब घसरला.

"मामा, हळू!"

"अहो ताई, जोरात की हळू? एक काय ते ठरवा!"

"दोन्ही!"

मामा "बरं" म्हणाले, आणि त्यांनी खरोखर दोन्ही केलं.

तिने कोपर स्ट्रेचरच्या कडेला रोवलं, घरी पलंगाच्या कडेला रोवायची तसं. फट सापडली. पडद्यावर त्याचं हृदय दिसू लागलं. एक कोपरा बाकीच्यांना काम करू देऊन स्वतः बसून राहिलेला. पेशंटला बोलू द्यायचं नाही, हा नियम तिनेच त्याला शंभरदा बजावला होता.

"अहो," ती म्हणाली, "बोला ना काहीतरी."

त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. ती त्या कोपऱ्याकडे पाहत राहिली; हात आखडला, तरी प्रोब हलू दिला नाही.

इस्पितळाचं फाटक आलं तेव्हा त्याचे ओठ हलले.

"अगं... कपाटाची किल्ली..."

तिने कान त्याच्या तोंडाशी नेला.

"...भावाला सांगू नकोस." मान एका बाजूला टाकायलाही तो गेला, पण नळ्या आड आल्या.

"हलू नका, प्रोब हलतोय!" ती ओरडली. हलत होता तिचा हात.

दारातच डॉक्टरांनी नवा ईसीजी पाहिला. "रेघ जरा खाली आलीय. धमनी थोडी उघडली असावी. पुढचं आम्ही बघतो." आणि स्ट्रेचर आत गेलं.

ती बाकावर बसली. हाताला प्रोबची जेल तशीच. मामांनी रुमाल पुढे केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ताई, किल्ली असते तरी कुठे?"

"कुठली किल्ली मामा," ती म्हणाली, "आमच्या कपाटाला कुलूपच नाही." आणि मग कुठे तिला रडू आलं.