ड्रायरचा सूर

लॉन्ड्रीतल्या बाईला सगळे इस्त्रीकाकू म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, दंड पैलवानाचे आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम. धाकट्या दिरानं हौसेनं क्लॅरिनेट आणलं, दम लागतो म्हणून कपाटावर टाकलं आणि काकूनं ते पुसून तोंडाला लावलं. पहिल्याच फुंकेला नवऱ्यानं पांघरुणातून डोकं काढलं.

"अगं, कुणाची मान पिरगाळतेस?"

"तुमची नाही. झोपा."

घरात जमेना म्हणून तिनं ते लॉन्ड्रीत नेलं. मागच्या खोलीत कपडे वाळवायचा ड्रायर होता, रेड्याएवढा. सुरू झाला की एकच सूर धरून घुमत राहायचा. काकूनं त्यालाच गुरू केलं. क्लॅरिनेट त्याच्याशी जुळेना, तेव्हा तोंडाखालचा सांधा जरासा बाहेर ओढून सूर खाली उतरवला. दोघं एक झाले तशी ती जागेवरच नाचली! आणि सांधा पुन्हा सरकायला नको म्हणून त्या फटीत शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळून टाकला.

मग सुरू झाला रियाज. चादरी घडी करताना सूर आधी गळ्यात घ्यायचा, ड्रायरला भिडवून बघायचा, मगच फुंकायचा. रेडिओवर गाणं लागलं की इस्त्री उभी करायची, एक ओळ कानानं उचलायची, गुणगुणायची, चुकली की स्वतःलाच शिवी हासडायची. आधी जवळजवळचे दोन सूर तिला एकसारखेच वाटायचे, मिठाची आणि साखरेची बरणी लांबून दिसावी तसे. हळूहळू ते जिभेवर ठेवल्यासारखे वेगळे कळायला लागले.

अशात गावच्या बँडमधली क्लॅरिनेटची खुर्ची रिकामी झाली. काकूनं इस्त्री उभी केली आणि जाऊन परीक्षेला नाव देऊन आली. तिला ती खुर्ची हवीच होती. भिंतींना ऐकवून ऐकवून कंटाळली होती ती.

परीक्षेच्या दिवशी नवरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी उभा राहिला. बँडमास्तरांनी पियानोवर एक चाल वाजवली, एकदाच. काकूनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत चाल घोळवली आणि वाजवली. एक सूर इकडचा तिकडं नाही! मागचा ढोलवाला "वा!" म्हणाला.

"आता सगळ्यांबरोबर," मास्तर म्हणाले. "खुर्ची मिळते ती याच्यावर."

बँड सुरू झाला, काकू सुरू झाली आणि दुधात लिंबू पिळल्यासारखं झालं. ट्रंपेटवाल्यानं तोंड वाकडं केलं. मास्तर हात वर करणार, एवढ्यात काकूच ओरडली, "थांबा! मी खाली आहे."

"कुठल्या सुरावर?"

"सगळ्याच. एकसारखी खाली." बोलता बोलता तिची नजर दोऱ्यावर गेली आणि तिनं कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, मी ड्रायरच्या सुरात आहे!"

काय प्रकार आहे ते तिनं सांगितलं, तसा अख्खा बँड खो खो हसला. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पुन्हा एकदा. पण शेवटचं हं, बाई."

काकूनं दातानं दोरा तोडला, सांधा आत दाबला. पण इथंच घोडं पेंड खात होतं. क्लॅरिनेट सुधारलं; गळ्यात मुरलेल्या ड्रायरचं काय?

"दादा, तुमचा सूर धरा जरा," ती ट्रंपेटवाल्याला म्हणाली. त्यानं धरला. तिनं गळ्यात घेतला. खाली. किंचित चढवला. अजून खाली. अजून किंचित... आणि तो बसला! अंगावर सर्रकन काटा आला. तो सुटायच्या आत तिनं फुंकर मारली.

या खेपेला तिला स्वतःचं वाजणं वेगळं ऐकूच येईना. ट्रंपेट, ढोल, ती, सगळा मिळून एकच दणका! दारातला नवरा पायानं ताल धरत होता, तोही चुकीचा.

मास्तरांनी रिकाम्या खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकली. "बसा."

दुसऱ्या दिवशी काकूनं लॉन्ड्री उघडली, ड्रायर सुरू केला आणि बटणावरचा हात तसाच राहिला.

"शी! किती रे खाली आहेस तू," ती त्याला म्हणाली, आणि चादरी उचलत बँडचा सूर त्याच्या उरावर मोठ्यानं गायला लागली.