कॅरिअरवर बांधलेले पाय

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही गुजरातेत, बमरोलीतल्या एका गल्लीत राहायचो. एकच खोली, तिलाच मोरी. गल्लीत दिवसभर चाकं फिरायची. मोठी पोरं लूमची, म्हणजे यंत्रमागाची, टाकून दिलेली बेरिंगं फळकुटाला ठोकून गाडी करत आणि कान किटवत ती पळवत. गुडघा सोललेला नाही असं पोर आमच्याकडे सापडलं नसतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. धास्ती होती ती एकाच गोष्टीची. बापाच्या सायकलवर मागे बसलेल्या पोराचा पाय चाकात जाण्याची. मागच्या गल्लीतल्या एका पोराची टाच अशीच स्पोकमध्ये गेली होती. त्याच्या आईचं ओरडणं आमच्या खोलीपर्यंत आलं होतं.

माझी थोरली तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. मराठी शाळा रेल्वे फाटकाच्या पलीकडे. रातपाळीला मी सकाळी सातला खात्यातून सुटायचो. आम्ही लूमच्या कारखान्याला खातं म्हणायचो. घरी येऊन तोंडावर पाणी मारायचं आणि तिला सायकलवर घालून निघायचं. रात्रभर लूमचा आवाज ऐकलेला असायचा, तो सायकलवरही कानात चालूच. झोप डोळ्यांवर असायची. तिचे पाय मागे कुठे लोंबतायत याकडे लक्ष राहणार नाही, हे मला ठाऊक होतं.

म्हणून मी युक्ती काढली. ताके, म्हणजे कापडाचे तागे, कापताना पॉलिएस्टरच्या लांब पट्ट्या उरायच्या, त्या खात्याच्या दारात पडलेल्याच असत. दोन पट्ट्या आणल्या आणि तिचे दोन्ही पाय घोट्यापाशी कॅरिअरच्या खाली येणाऱ्या दांड्यांना बांधून टाकले. पाय हलायलाच नको.

बायको दारात उभी राहून बघत होती. घरात ती अहिराणीच बोलायची. ती म्हणाली, "आनि पोर पडनी तं? उतरी कशी ती?"

"पडेलच कशी? मी आहे ना पुढे."

"बांधनंच से तं सुती चिंधी बांधा. जुना लुगडानी देस मी."

"सुती तुटतं," मी म्हणालो. "हे बैल लावले तरी तुटणार नाही."

मला त्याचा अभिमान वाटत होता. खरंच वाटत होता. शेजारचा गडी जळगावकडचा, माझ्याच खात्यात. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, डोकं लावलं हां!" दुसऱ्या दिवशी त्याच्या पोराचे पायही बांधलेले. मग समोरच्याने बांधले. पट्ट्या मीच आणून द्यायचो.

मग एका सकाळी, बायको नळावर गेलेली असताना मी निघालो, आणि फाटकावर माझं पुढचं चाक रुळाच्या फटीत गेलं. मी पेंगत होतो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. सायकल कलंडली, मी पाय टेकून बाजूला झालो. मोठ्या माणसाला ते जमतं. तिला जमलं नाही, कारण ती बांधलेली होती. दुसरं कुठलंही पोर असतं तर उडून कडेला पडलं असतं, कोपर फुटलं असतं, रडलं असतं. ती सायकलबरोबर पडली. सायकल तिच्या उजव्या पायावर, आणि पाय दांडीशी पिळवटलेला.

मी खाली बसून गाठ सोडायला लागलो. ती सुटेना. लूमवर तुटलेला तार, म्हणजे धागा, जोडताना आम्ही जी गाठ मारतो, बारीक, ओढली की आणखी आवळणारी, तीच मी सवयीने मारत होतो. हाताला दुसरी गाठ येतच नव्हती. रोज शाळेपाशी ती सोडताना नखं दुखायची, पण सुटायची. आता गाठीवर सगळा भार आला होता. मी दात लावले. फाटकवाला ओरडत होता, "हटो, हटो, गाडी आवे छे!" शेवटी चार-पाच माणसांनी सायकल तशीच्या तशी, पोरीसकट, उचलून रुळांच्या बाहेर आणून ठेवली. एका भाजीवाल्याने सुरीने दोन्ही पट्ट्या कापल्या. कुणीतरी गुजरातीत म्हणालं, "कोणे बांधी आने आवी रीते?" हिला असं कुणी बांधलं, म्हणून विचारत होतं. मी कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या आणि गटारात टाकल्या.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "कैसे हुआ?"

माझ्या तोंडून निघालं, "पैर डाल दिया चक्के में."

डॉक्टर तिच्याकडे वळला. "मस्ती करती थी? पापा ने बोला था ना, पैर दूर रखना?"

ती टेबलावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. रडं थांबलं होतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. मग तिने मान हलवली. हो म्हणून.

बायको धावत आली. "काय व्हयनं? पोरले काय व्हयनं?" पहिलं तिने पायच पाहिले, आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "आज घाई होती. बांधले नव्हते."

मी विचार करून बोललो नव्हतो. एवढंच डोक्यात होतं, की तिने 'मी सांगितलं होतं' म्हणू नये. तिने पोरीच्याच पाठीत हलकासा धपाटा घातला, रडत रडत. "पाय आखडी ठेवता येत नाही का व तुले?"

घोट्याचं हाड वाकडं जुळलं. पोर चालायला लागली, पण उजवा पाय थोडा ओढत. पळणं गेलं.

आणि गल्लीत काय झालं, ते मला आधी सुचायला हवं होतं. एक दिवस पाय बांधले नाहीत तर असं झालं, ही गोष्ट घरोघर गेली. ज्यांनी बांधले नव्हते त्यांनीही बांधायला सुरुवात केली. सकाळी मी खात्यातून परत येत असलो की समोरून सायकली येत. मागे बांधलेली पोरं, दप्तर पाठीवर, पाय ताठ. लोक मला हात दाखवायचे. शेजारचा घंटी वाजवायचा. मी त्यांच्या पुढच्या चाकाकडे बघायचो, रस्त्यातल्या खड्ड्याकडे बघायचो. फाटकाच्या दिशेने सायकल दिसेनाशी होईपर्यंत माझा पाय पेडलवरून हलत नसे. घरी येऊन आडवं पडलं तरी झोप लागायची नाही. शाळा सुटून पोरं गल्लीत दिसली, की मगच डोळा लागे.

सांगायचं होतं. दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण सांगायचं म्हणजे आधी बायकोला, मग पोरीला, मग गल्लीला. कुठूनही सुरुवात केली तरी पोरीपाशीच येऊन थांबायचं. तिला सगळे 'चुळबुळी' म्हणायला लागले होते. पाहुणे आले की तिचा पाय दाखवून आपल्या पोरांना म्हणायचे, "बघ, ऐकलं नाही की असं होतं." ती मुकाट पाय पुढे करायची. मी तंबाखू मळत बसायचो, नाहीतर उठून बाहेर जायचो. सायकल शिकायची म्हणाली तेव्हा मी नाही म्हणालो. मैत्रिणीकडे चाकांचे बूट आले, नुसते घालून बघू का म्हणाली, तेव्हाही नाही म्हणालो. तिने कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपली चूक आहे म्हणून आपल्याला मिळत नाही, असंच ती समजून होती.

मग धाकटी शाळेत जायच्या वयाची झाली. थोरली तेव्हा सातवीत.

पहिल्या दिवशी मी तोंड धुऊन बाहेर आलो तर सायकल स्टँडवर, धाकटी कॅरिअरवर बसलेली, आणि थोरली खाली बसून तिच्या घोट्याला पट्टी गुंडाळत होती. शेजाऱ्याकडून मागून आणली होती. "हलू नकोस," ती सांगत होती. "माझे एकच दिवस बांधले नव्हते, तर मी पाय घातला. बघितलास ना माझा पाय?"

"सोड ते," मी म्हणालो.

"थांबा पप्पा, एकच राहिलाय."

"सोड म्हणतो ना!" माझा आवाज चढला. बायको बाहेर आली. आता गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं, पट्टी काढायला कुठलंही कारण पुरलं असतं. पण थोरली खालून वर बघत होती, तशीच, दवाखान्यातल्यासारखी, मी काय सांगेन त्याला हो म्हणायला तयार.

मी सांगितलं. तुझे पाय बांधलेले होते. मी बांधले होते. मला झोप आली होती. तू पाय घातला नाहीस.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "मला आठवतंय ना. मीच घातला."

"तू घातला नाहीस गं."

तिने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग मम्मीने मला का मारलं?"

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती आत गेली.

थोरलीने धाकटीच्या पायाची पट्टी सोडली, तिला खाली उतरवलं, दप्तर गळ्यात अडकवलं. "चल, चालत जाऊ." दोघी निघाल्या. मी सायकल घेऊन मागून जाऊ लागलो तर ती वळून म्हणाली, "तुम्ही झोपा."

संध्याकाळी पाळीवर जाण्याआधी मी शेजाऱ्याकडे गेलो. तो चहा पीत होता, त्याचा पोरगा ओट्यावर बसून बेरिंगला तेल घालत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फाटक, गाठ, भाजीवाल्याची सुरी. त्याने कप ओट्यावर ठेवला.

"म्हणजे भाऊ," तो शेवटी म्हणाला, "माझं पोरगं रोज बांधलेलं जात होतं, आणि तू समोरून बघत होतास?"

"हो," मी म्हणालो.